वाळूचा भरवसा मोजणारा माणूस

वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाळवंटात लहान मुलं ओल्या वाळूचे किल्ले करत बसलेली तुम्ही पाहिली असतील. मूठभर ओली वाळू दाबली की तिच्यावर बोटांचे ठसेसुद्धा उमटतात. बुरूज उभे राहतात, तट उभा राहतो. मग ऊन चढतं आणि तोच किल्ला कडेकडेनं ढासळू लागतो. मुलं हसतात आणि दुसरा किल्ला करायला घेतात. मला मात्र तो ढासळणारा बुरूज पाहून आजही हसू येत नाही. त्याला कारण आहे.

१९७८ सालचा मे महिना. मी बावीस वर्षांचा, डिप्लोमा करून नुकताच ओव्हरसियर म्हणून कामाला लागलेला. भीमेच्या काठी पाण्याचा नळ टाकण्यासाठी चर खणायचं काम चाललं होतं. जमीन वाळूची. पहाटेपासून मजुरांनी खणलेला चर नऊ वाजेपर्यंत पुरुषभर उंचीहूनही खोल गेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजू सुरीनं कापल्यासारख्या सरळ उभ्या होत्या. मुकादम वयानं मोठा, अनुभवी. बाजूंना फळ्यांचा आधार द्यायचा का, असं त्यानं मला विचारलं. फळ्या दुसऱ्या कामावरून आणाव्या लागणार होत्या, अर्धा दिवस मोडणार होता. मी त्या सरळसोट भिंतींकडे पाहिलं आणि गरज नाही म्हणून सांगितलं.

दुपारी दोनच्या सुमारास भिंतीच्या वरच्या कडा भुरभुरू लागल्या. त्याकडे कुणाचं लक्ष जायच्या आत एक मोठा लगदा खाली आला आणि आत उतरलेला एक मजूर छातीपर्यंत गाडला गेला. फावडं लागेल म्हणून सगळ्यांनी हातांनीच वाळू उपसली. जितकी उपसावी तितकी वरून येत होती. पाऊण तासानं तो बाहेर आला. जिवंत होता, पण एक पाय मोडला होता. तो पाय पुढे कधी नीट झाला नाही.

दोष माझा होता. सकाळी ती वाळू उभी होती ती तिच्या स्वतःच्या बळावर नव्हे, तर कणाकणांमध्ये असलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्याच्या बळावर. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन! दुपारपर्यंत तो पापुद्रा उडून गेला, आणि त्याबरोबर भिंतही गेली. वाळूनं मला फसवलं असं मी तेव्हा म्हणत होतो. पण वाळू कुणाला फसवत नाही. तिचा हिशेब फार जुना आहे आणि तो दोनशे वर्षांपूर्वीच एका माणसानं मांडून ठेवला होता. परीक्षेपुरता तो मी पाठही केला होता. त्या रात्री मी पेटीतून सॉइल मेकॅनिक्सचं पुस्तक काढलं आणि ते समीकरण पहिल्यांदा समजून घेण्यासाठी वाचलं. त्याच्यावर नाव होतं कूलोम.

हे नाव तुम्हाला ओळखीचं वाटेल. आपण सगळ्यांनीच ते शाळेत विजेच्या धड्यात वाचलेलं असतं. विद्युतभार मोजण्याचं एकक ते कूलोम. मलाही तोवर वाटे की विजेचा कूलोम कुणी वेगळा असेल आणि मातीचा वेगळा. तो एकच माणूस निघाला. विजेकडे तो वळला उतारवयाकडे झुकताना. त्याच्या तरुणपणाची सगळ्यात धकाधकीची वर्षं गेली मातीत, तीही घरापासून हजारो मैलांवरच्या एका बेटावर. पुढच्या काळात त्याच्याविषयी जिथे जे मिळेल ते मी वाचत गेलो. आज ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

शार्ल-ऑगस्तँ द कूलोम याचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या आंगुलेम या गावी झाला. म्हणजे आपल्याकडे पहिल्या बाजीराव पेशव्यांचा काळ. घर खाऊनपिऊन बरं होतं, पण वडिलांनी सट्टेबाजीत पैसा घालवला आणि घराची घडी विस्कटली. आईची इच्छा होती की मुलानं वैद्य व्हावं, मुलाचं मन गणितात. या वादावरून आईशी बिनसलं आणि तो वडिलांकडे, दक्षिणेतल्या माँपेलिए शहरी गेला. आपल्याकडे दहावीनंतर घरोघरी जे वाद होतात, त्यातलाच हा एक म्हणायचा! पैसा नसलेल्या हुशार मुलाला त्या काळी एक दार उघडं होतं, सैन्यातल्या इंजिनिअरांचं. मेझियेर इथली लष्करी अभियांत्रिकीची शाळा युरोपात नावाजलेली होती. १७६० साली तो तिथे दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी लेफ्टनंट होऊन बाहेर पडला.

१७६४ साली त्याची रवानगी झाली मार्तिनिकला. वेस्ट इंडीजमधलं हे फ्रेंचांचं बेट. इंग्रजांनी ते १७६२ साली जिंकून घेतलं होतं आणि तहानंतर परत केलं होतं. पुन्हा तशी पाळी येऊ नये म्हणून बंदरावरच्या टेकडीवर भक्कम किल्ला बांधायचं फ्रेंच सरकारनं ठरवलं. त्याचं नाव फोर बुर्बाँ. सत्ताविशी-अठ्ठाविशीतल्या या तरुणाच्या हाताखाली शेकडो माणसं दिली गेली. खंदक खणायचे, ती माती रचून तट उभारायचे, त्या तटांना दगडी भिंतींनी आवळायचं. तो तिथे आठ वर्षं होता. उष्ण, दमट हवा आणि ताप. बरोबर गेलेल्यांपैकी बरेच जण तिथेच मेले. तोही अनेकदा मरता मरता वाचला आणि जी तब्येत घेऊन १७७२ साली मायदेशी परतला, ती पुढे आयुष्यभर कधी धड झाली नाही. ते बेट उसाच्या मळ्यांवर आणि मळे गुलामांच्या घामावर चालत होते, हेही इथेच सांगायला हवं. किल्ला कुणी बांधला याची नोंद कूलोमच्या नावानं आहे. माती उपसणाऱ्या हातांची नावं कुठेच नाहीत.

आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठी उभं राहिलं की मला नेहमी कूलोमची आठवण येते. डोंगरी किल्ल्याला डोंगराचा कडा पाठीशी असतो, भुईकोटाला फक्त भिंत आणि भराव. आत माती भरली की ती भिंतीला बाहेर ढकलणार. किती ढकलणार? भिंत किती जाड हवी? पातळ केली तर कोसळेल, उगाच जाड केली तर खजिना रिकामा होईल. कूलोमच्या काळापर्यंत याचं उत्तर जुन्या जाणत्यांच्या अंदाजावर आणि ठरीव कोष्टकांवर चालत होतं. कूलोमनं मार्तिनिकमध्ये स्वतःच्या कामापुरते हिशेब मांडून ठेवले होते. तेच परतल्यावर नीट लिहून काढून त्यानं १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचले. १७७६ साली तो निबंध छापून निघाला. तुळया, खांब, कमानी आणि मातीचा दाब, इतकं सगळं त्या एका निबंधात आहे.

मातीपुरतं त्यानं सांगितलं ते असं. जमिनीचा एखादा तुकडा दुसऱ्यावरून घसरू लागला, तर त्याला दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे चिकटपणा. तो त्या दोन तुकड्यांच्या जोडाच्या क्षेत्रावर अवलंबून असतो, वर ओझं असो वा नसो. दुसरी गोष्ट म्हणजे घर्षण, आणि ते ओझ्याच्या प्रमाणात वाढतं. वर जितका भार, तितकी कणाची कणाला मिठी घट्ट. मातीची ताकद म्हणजे या दोहोंची बेरीज. चिकणमातीत पहिली गोष्ट भरपूर असते. कोरड्या वाळूत पहिली गोष्ट शून्य. नुकत्याच उकरून भरलेल्या मातीतही चिकटपणा धरू नये असा सावध हिशेब त्यानं केला.

हे घरातल्या उदाहरणांनी सहज समजतं. ज्वारीची रास घाला. कितीही ओता, तिचा उतार ठराविकच राहतो. त्याहून उभी ती राहत नाही, कारण दाण्यांना चिकटपणा नाही, फक्त घर्षण आहे. वाळूचंही तेच. सैल कोरड्या वाळूचा उतार साधारण तीस-पस्तीस अंशांचा. आता दुकानातून हवा काढून बंद केलेलं तांदळाचं पाकीट आणा. ते विटेसारखं कडक लागतं, त्यावर उभं राहिलात तरी चेपत नाही. कात्रीनं कोपरा कापला की त्याच क्षणी तांदूळ मोकळे, विटेचा मऊ पिशवा! तांदूळ बदलले नाहीत, सुटला तो बाहेरच्या हवेचा चहूबाजूंचा दाब. वाळूची सगळी ताकद अशी उधारीची असते. भोवतालच्या दाबानं दिलेली, आणि दाब गेला की परत गेलेली. आम्ही चर खणला तेव्हा नेमकं हेच केलं होतं. बाजूचा दाब काढून घेतला आणि ओलाव्याच्या भरवशावर माणूस आत उतरवला.

भिंतीच्या मागची माती कशी घसरेल, हे शोधायला त्यानं आणखी एक सुंदर युक्ती केली. मागे पाचरीच्या आकाराचा तुकडा सुटून खाली सरकेल असं त्यानं मानलं. पण कोणता तुकडा? तो कोणत्याही कोनात सुटू शकतो. मग गणितानं असा कोन काढायचा की ज्यात भिंतीवरचा रेटा सर्वात जास्त येतो. तो सर्वात वाईट प्रसंग धरून भिंत बांधायची. अडीचशे वर्षं झाली, आजही डिप्लोमाचा विद्यार्थी हाच हिशेब शिकतो. मीही शिकलो होतो. फक्त सर्वात वाईट प्रसंग धरायचा, हे त्यातलं मुख्य वाक्य मी त्या सकाळी विसरलो होतो.

इथवरचा कूलोम मातीचा. पुढचा कूलोम धाग्याचा, आणि तिथे मला माझे वडील आठवतात.

माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत कामाला होते. सुताचा धागा दोन बोटांत धरून, किंचित ओढून, किंचित पीळ देऊन ते त्याची जात सांगत. सुताची ताकद पिळात असते, असं त्यांचं मत होतं. पीळ कमी तर तंतू एकमेकांवरून सरकून धागा सुटतो, फार झाला तर धागाच तडकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपल्याला माहीत आहे. कूलोमनं तो पीळ मोजला.

निमित्त झालं होकायंत्राचं. जहाजांसाठी अचूक होकायंत्र कसं बनवावं यासाठी अकादमीनं बक्षीस लावलं होतं. सुई टोकावर ठेवली की टोकाचं घर्षण तिला अडवतं. कूलोमनं ती रेशमाच्या बारीक धाग्यानं टांगली. १७७७ साली त्या बक्षिसात त्याला वाटा मिळाला. पण त्याचं कुतूहल तिथे थांबलं नाही. टांगलेला धागा पिळला की तो उलट फिरायला बघतो. किती जोरानं? १७८४ साली त्यानं तारांच्या पिळाचा नियम मांडला. जितका पीळ जास्त, तितका तो उलटा जोर जास्त, अगदी प्रमाणात. म्हणजे तार ही अतिशय नाजूक तराजू झाली. या तराजूवर पुढच्या वर्षी त्यानं दोन विद्युतभारांमधला जोर मोजला आणि अंतर दुप्पट केलं की तो चौथाई होतो हे दाखवलं. ज्या नियमामुळे तो शाळेच्या पुस्तकात गेला, तो नियम असा एका तारेला टांगलेला आहे.

मधल्या काळात, १७७९ साली, त्याची बदली रोशफोर या बंदरावर झाली होती. तिथल्या जहाजांच्या गोदीत त्यानं घर्षणाचे मोठे प्रयोग केले. लाकडावर लाकूड, लाकडावर धातू, वर जड वजनं. या कामालाही १७८१ साली बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी तो अकादमीचा सभासद झाला. फाटक्या तब्येतीच्या लष्करी इंजिनिअरला शेवटी पॅरिसमध्ये ठिकाण मिळालं.

पण हा माणूस नुसता हिशेबी नव्हता. ब्रिटनी प्रांतात कालवे आणि बंदरं काढायची एक मोठी योजना होती. तिची पाहणी करून त्यानं ती खर्चाच्या मानानं उपयोगाची नाही असा स्पष्ट अभिप्राय दिला. वरिष्ठांना तो रुचला नाही आणि १७८३ साली त्याला आठवडाभर तुरुंगात बसावं लागलं. असं सांगतात की पुढे त्या प्रांताला त्याचं म्हणणं पटलं आणि त्यांनी मोठा नजराणा देऊ केला, तेव्हा त्यानं फक्त सेकंद दाखवणारं एक चांगलं घड्याळ घेतलं आणि ते प्रयोगांसाठी वापरलं. गोष्टीतलं घड्याळ खरं असो नसो, तुरुंग खरा आहे. नाही म्हणायची वेळ आली तेव्हा तो नाही म्हणाला. मला ते जमलं नव्हतं. माझ्यावर तर कुणा वरिष्ठाचा दाबही नव्हता, फक्त अर्धा दिवस वाचवायची घाई होती.

मग राज्यक्रांती आली. १७९१ साली त्यानं सैन्यातली नोकरी सोडली. १७९३ साली अकादमीच बरखास्त झाली. वजनं-मापं ठरवणाऱ्या समितीतूनही त्याला काढून टाकलं. त्याच्याबरोबर काढलेल्यांत रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए होता. पुढच्या वर्षी त्याचं डोकं उडवलं गेलं. कूलोम पॅरिस सोडून ब्ल्वा गावाजवळच्या आपल्या जमिनीवर जाऊन राहिला होता. वादळ ओसरल्यावर नवी संस्था निघाली, तेव्हा तो परत आला.

या उतारवयातलं त्याचं एक काम मला सर्वात जवळचं वाटतं. माणूस दिवसभरात किती काम करू शकतो याचा त्यानं अभ्यास केला. ओझं घेऊन जिना चढणारा, फावड्यानं माती उपसणारा, गाडा ओढणारा. किती ओझं, किती वेग, मध्ये किती विसावा असला म्हणजे माणूस न झिजता दिवसाचं काम पुरं करील. त्यात मार्तिनिकमध्ये पाहिलेलंही होतं. थंड हवेत होणारं काम उन्हाच्या प्रदेशात माणसाकडून होत नाही, हे त्यानं लिहून ठेवलं. मातीचा, धाग्याचा, विजेचा जोर मोजणाऱ्या माणसानं शेवटी मजुराच्या अंगातला जोर मोजला, आणि तो कुठे संपतो हेही सांगितलं. सोलापूरच्या उन्हात साईटवर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला याची किंमत कळते.

१८०२ साली त्यानं आपल्या दोन मुलांच्या आईशी रीतसर लग्न केलं. त्याच वर्षी त्याला शिक्षण खात्यात निरीक्षकाचं काम मिळालं आणि ते त्यानं मन लावून केलं. २३ ऑगस्ट १८०६ रोजी, सत्तर वर्षांचा होऊन तो वारला. १८८१ साली पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेत विद्युतभाराच्या एककाला त्याचं नाव देण्यात आलं. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांतही त्याचं नाव आहे.

आयुष्य इथे संपतं. पण मला एक चुटपुट लागून राहिली होती. या माणसानं वाळूचा हिशेब मांडला, धाग्याचाही मांडला. ते दोन्ही एकत्र आले तर काय होईल?

खरं तर याचं अर्धं उत्तर माझ्या आजीच्या घरात होतं. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या-पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीच्या गिलाव्याचा चिखल करताना त्यात काडाचा भुसा घालून तो दिवसचे दिवस पायानं तुडवत. भुसा नसला तर माती वाळताना तडकते, भुसा असला की धरून राहते, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. किल्ले बांधणारे कूलोमचे सहकारीही मातीच्या भरावात झुडपांच्या फांद्यांच्या मोळ्या घालत. म्हणजे युक्ती जुनीच. पण ती किती दाबाला, कशी चालते, हे मोजायला विसावं शतक यावं लागलं. १९६० च्या दशकात आंरी विदाल या फ्रेंच इंजिनिअरनं भरावात धातूच्या पट्ट्या घालून उंच भिंती उभ्या करण्याची पद्धत आणली. १९८० च्या दशकात फ्रान्समध्येच वाळूबरोबर लांबच लांब कृत्रिम धागे फवारून उभे उतार बांधू लागले. धाग्याचं वजन वाळूच्या हजारात एक-दोन भाग इतकंच! त्याच सुमारास अमेरिकेत मिशिगनला डोनाल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूत तंतू मिसळून पद्धतशीर चाचण्या घेतल्या.

मी हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते अलीकडे. माझी नात इंजिनिअरिंगला आहे. तिला प्रकल्पासाठी विषय हवा होता. चादरीच्या मागाखाली पडणारी तुटकी सुतं आपल्या गावात पोत्यानं मिळतात. ती बोटाच्या पेराएवढी कापून नदीच्या वाळूत मिसळायची असं आम्ही ठरवलं. कोरड्या वाळूत सुतं वर तरंगून वेगळी होतात, म्हणून वाळू थोडी ओलसर करावी लागते. आणि सूत जास्त झालं की त्याचे गोळे होतात आणि वाळू नीट दबत नाही. मिठासारखं आहे ते, प्रमाणातच घालायचं.

चाचणी अशी असते. वाळूचा नळकांड्यासारखा नमुना रबराच्या पातळ पिशवीत बसवतात. तो पाणी भरलेल्या बंद भांड्यात ठेवून पाण्याचा दाब चहूबाजूंनी देतात. मग वरून दट्ट्या दाबत नेतात. नुसती घट्ट वाळू एका मर्यादेपर्यंत भार घेते, मग एकाएकी तिच्यात तिरपी चीर पडते आणि ती भार टाकून देते. सूत घातलेली वाळू सुरुवातीला वेगळी वाटत नाही, कारण वाळू थोडी सरकल्याशिवाय धागा ताणला जात नाही. पण एकदा ताणला की नमुना फुगत जातो, वाकडा होतो, तरी भार सोडत नाही.

आणि दाब वाढवत नेला की कूलोमची बेरीज डोळ्यांपुढे उभी राहते. दाब कमी असताना धागा वाळूतून निसटतो. त्याला धरून ठेवणारं फक्त कणांचं घर्षण, आणि ते दाबाबरोबर वाढतं. म्हणून एका मर्यादेपर्यंत जितका दाब, तितकी धाग्याची मदत जास्त. इथवर धागा घर्षणासारखा वागतो. त्या मर्यादेपलीकडे वाळूची पकड इतकी घट्ट होते की धागा निसटत नाही. तो आपल्या ताकदीच्या टोकाला जाऊन ताणतो किंवा तुटतो. मग दाब वाढवला तरी धाग्याची मदत वाढत नाही, पण जी मिळाली ती कायम राहते. म्हणजे आता तो चिकटपणासारखा वागतो. कूलोमनं वेगळ्या काढलेल्या दोन्ही गोष्टी एकाच सुतात, दाबाच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी! ज्या वाळूत चिकटपणा शून्य, तिला एक चिमूटभर सूत तो मिळवून देतं.

ओलाव्यानं दिलेला चिकटपणा उन्हानं जातो, पुरानंही जातो. धाग्यानं दिलेला तसा जात नाही. मात्र आमचं कापसाचं सूत मातीत कुजणार, हे नातीनं अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. कायमच्या कामाला न कुजणारा धागा हवा. आणि खणलेल्या चराला तर धागा उपयोगाचाच नाही. तिथे फळ्यांचा आधारच हवा, तेव्हाही हवा होता. धागा कामी येतो तो आपण रचलेल्या भरावात, रस्त्याच्या बांधात, ढासळणाऱ्या उतारावर.

तरी त्या दिवशी प्रयोगशाळेत मला जे दिसलं ते भाराच्या आकड्यांहून निराळं होतं. नुसती वाळू न सांगता गेली. सूत घातलेली वाळू आधी फुगली, वाकली, बराच वेळ तिनं दाखवून दिलं की आता झेपत नाही. तेवढ्या वेळात माणूस बाहेर येऊ शकतो.

तो मजूर पुढे पंढरपुरातच राहिला. खणायचं काम त्याला जमेना, म्हणून घाटाजवळ प्रसादाचं छोटं दुकान टाकलं. वारीला गेलो की मी त्याच्याकडे जात असे. तो दरवेळी बसायला पोतं अंथरायचा, चहा मागवायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा. भिंत का पडली, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कूलोमचं नाव सांगून सुटका होणार नव्हती. कारण भिंत का पडली हे कूलोमनं सांगून ठेवलं होतं. माणूस आत का उतरला, याचं उत्तर माझ्याकडे होतं.

नातीला मी हे सगळं सांगितलं आहे. पुढच्या वर्षी ती साईटवर जाईल.